हँडीकॅमच्या छोट्या डीव्हीडीचा इतिहास

मागच्या रांगांना दिसणार नाही म्हणून सांगतो, माझ्या हातात एक छोटी डीव्हीडी आहे. नेहमीची बारा सेंटिमीटरची असते, ही आठची. वर मार्करनं लिहिलंय, 'बारसं, २००५'. प्लेअरमध्ये घातली की 'नो डिस्क' येतं, कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये रिकामी दिसते. पण ती रिकामी नाही. उजेडात तिरकी धरा, मधल्या भोकापासून बाहेर एक वेगळ्या छटेचा पट्टा दिसतो. बारसं तिथंच आहे. मग दिसत का नाही?

१९९५ मध्ये मिनी-डीव्ही टेप आली. चित्र झकास, पण केक कापतानाचं दृश्य हवं असेल तर टेप पुढे-मागे करत बसा. पाहुण्यांना दाखवायचं तर कॅमेराच टीव्हीला जोडा. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली आणि पुढे घरोघरी प्लेअर दिसू लागले. साहजिकच कंपन्यांना वाटलं, सिनेमा चकतीवर बघता येतो, तर चित्रणही थेट चकतीवर का करू नये? सोनीनं १९९९ मध्ये मिनीडिस्कवर चित्रण करणारा कॅमेरा काढून बघितला. २००० मध्ये हिताचीनं डीझेड-एमव्ही१०० आणला, तो आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर चित्रण करणारा.

ती डीव्हीडी होती डीव्हीडी-रॅम जातीची. हार्ड डिस्कसारखी: मधलं दृश्य पुसा, तेवढी जागा मोकळी. तंत्र म्हणून मला हीच सगळ्यांत सरस वाटते. अडचण एकच, घरातले बहुतेक प्लेअर ती वाचतच नव्हते! म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच जमेना.

म्हणून पुढच्या कॅमेऱ्यांत डीव्हीडी-आर आली. हिच्यात रंगद्रव्याचा थर असतो, लेझरनं तो एकदाच 'भाजला' जातो, पुसता येत नाही. पण प्लेअर ती वाचतो. २००३ मध्ये सोनीनं हँडीकॅममध्ये आर आणि आरडब्ल्यू दोन्ही दिल्या. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते. त्यातही दोन तऱ्हा: 'व्हिडिओ' आणि 'व्हीआर'. व्हीआरमध्ये कॅमेऱ्यातच काटछाट करता येई, पण मग मोजकेच प्लेअर ती दाखवत. नंतर प्लस चिन्हाच्या चकत्याही आल्या, कारण डीव्हीडी फोरम आणि प्लस आरडब्ल्यूवाले असे दोन तट पडले होते. सोनी दोन्हीकडे! आता बारशाच्या गडबडीत उणे घ्यायची की अधिक, हे कोण बघतं?

जागेचंही बघा. तासाभराच्या मिनी-डीव्ही टेपवर साधारण १३ जीबी माहिती मावायची. या चकतीच्या एका बाजूवर १.४ जीबी. म्हणून चित्र एमपीईजी-२ नं आवळायचं. उत्तम दर्जा ठेवला तर २० मिनिटं, मध्यम ३०, कमी ६०. लोक अर्थातच ६० निवडायचे, म्हणून वरातीत नाचणाऱ्यांचे चेहरे चौकोनी दिसतात.

आता मूळ प्रश्न. कॅमेरा चित्रण लिहीत जातो, पण चकतीच्या सुरुवातीची जागा कोरी ठेवतो. पुस्तकाची पानं छापली, अनुक्रमणिका राहिली, तसं. ती शेवटी लिहायची, याला म्हणतात 'फायनलाइज'. ते केल्याशिवाय प्लेअरला चकती समजत नाही. रॅमला याची गरज नाही, प्लस आरडब्ल्यूही बहुतेकदा तशीच चालते. पण डीव्हीडी-आर एकदा फायनलाइज केली की तिच्यात भर घालता येत नाही. आपला स्वभाव कसा, अजून दहा मिनिटं शिल्लक आहेत ना, मग आत्ताच कशाला बंद करायची? ती दहा मिनिटं तशीच राहिली आणि दरम्यान कॅमेरा बंद पडला.

पुढचं थोडक्यात. २००६ मध्ये एव्हीसीएचडी आलं, त्याच लाल लेझरच्या चकतीवर एचडी चित्र. ते साध्या प्लेअरला कळत नाही. २००७ मध्ये हिताचीनं आठ सेंटिमीटरची ब्ल्यू-रे आणली, ७.५ जीबीची. तोवर हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड येऊन बसले होते, चकतीचे दिवस भरत आले.

तुमच्या कपाटात अशा चकत्या असतील तर कॉम्प्युटरनं 'फॉरमॅट करू का?' विचारल्यावर 'नाही' म्हणा. फटीतून चकती गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये ही छोटी घालू नका, अडकते. चित्रणाचे तुकडे थेट शोधणारी सॉफ्टवेअर आहेत, पण आधी तोच कॅमेरा शोधा आणि बॅटरीवर विसंबू नका, अडॅप्टर लावा. फायनलाइज चालू असताना वीज गेली तर चकती हातची जाऊ शकते.

या चकतीसाठी आम्हाला ओळखीतून त्याच मॉडेलचा कॅमेरा मिळालाय, अडॅप्टरसकट. व्याख्यान संपलं की इथेच लावणार आहोत. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, बाळाची आजी पुढच्या रांगेत बसलीय.