बांधापलीकडचे बोलणे : आयरिश शेतकरी जीवनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

आयर्लंडच्या शेतकऱ्यांविषयी वाचायला घेणाऱ्या मराठी वाचकाने आधी डोळ्यांपुढचे गाव पुसून टाकावे. खेडे म्हटले की आपल्याला पार, देऊळ, चावडी, आळ्या आणि त्यापलीकडचे शिवार दिसते. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ने (१९१५) हे चित्र आपल्या अभ्यासातही पक्के करून ठेवले आहे. पश्चिम आयर्लंडमध्ये यातले फारसे काही सापडत नाही. घर शेतातच असते, आपापल्या कुंपणात, शेजारच्या धुराड्याचा धूर दिसेल इतक्या अंतरावर. नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. संपूर्ण बेटावर असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. एखाद्यात वीस घरे, एखाद्यात तीन, एखाद्यात एकही नाही. चर्च, शाळा, दुकान आणि पब दूर कुठल्यातरी चौरस्त्यावर.

मग शेजार भरतो कुठे? या अभ्यासक्षेत्रातल्या बहुतेक चांगल्या पुस्तकांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की तो बोलण्यात भरतो. श्रमाची देवघेव, उसनवार, सोयरीक, जनावराचा सौदा, रुसवा काढणे, हे सगळे तिथे गप्पांच्या आडून चालते. म्हणून गप्पांना करमणुकीच्या खात्यात टाकून जो पुढे जाईल, त्याच्या हाती फक्त एकरी उत्पन्नाचे आकडे उरतील.

ही एकेकटी घरे वाटतात तितकी जुनी नाहीत. पूर्वी पश्चिमेकडे घरे झुबक्यांनी असत, जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली असे आणि पट्ट्यांची अदलाबदल होत असे. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडू लागला. १८४१ साली ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने गेली, आणि लाखो बोटीत बसून निघून गेली. उरलेल्या पट्ट्यांची जमीनदारांनी आणि पुढे सरकारी मंडळांनी सलग शेते केली. त्याबरोबर घरांचे झुबकेही पांगले. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याची वाट मोकळी करून दिली, आणि पंचवीस-तीस वर्षांत आयरिश शेतकरी आपल्या लहानशा तुकड्याचा धनी झाला. धनी झाला आणि एकटाही पडला.

त्याआधीच्या लढ्यात बोलण्याची ताकद दिसून आली होती. १८८० मध्ये मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी आसपासच्या लोकांनी सगळा व्यवहार तोडला. मजूर गेले, दुकानदाराने माल देणे थांबवले, रस्त्यात भेटलेल्याने तोंड फिरवले. त्याचे पीक काढायला उत्तरेकडून पन्नासेक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई. पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी पट झाला. जिथे घरे लांब लांब आहेत तिथे शेजाऱ्याने बोलणे बंद करणे ही केवढी शिक्षा, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

विषय म्हणून या जीवनाचा अभ्यास सुरू झाला तो १९३० च्या दशकात, आणि एकाच वेळी दोन दारांनी. एका दाराने अमेरिकन आले. हार्वर्ड विद्यापीठाच्या आयर्लंड मोहिमेतले कॉनरॅड आरेन्सबर्ग आणि सोलोन किंबॉल हे तरुण संशोधक क्लेअर काउंटीत राहिले. त्यातून आरेन्सबर्गचे ‘द आयरिश कंट्रीमन’ (१९३७) आणि दोघांचे मिळून ‘फॅमिली अँड कम्युनिटी इन आयर्लंड’ (१९४०) ही पुस्तके आली. आरेन्सबर्गची मला सर्वांत आवडणारी पाने डूलिनजवळच्या लुओ या वस्तीतल्या संध्याकाळची आहेत. अंधार पडला की वयस्क शेतकरी ठरलेल्या एका घरी जमत. तरुण दुसरीकडे, पत्ते कुटायला. म्हाताऱ्यांच्या बैठकीत प्रत्येकाची जागा ठरलेली आणि भूमिकाही ठरलेली: एक जण विषय काढणारा, एक वकिलासारखी उलटतपासणी घेणारा, एक फार न बोलता शेवटी निवाडा देणारा. पेरणी कधी करायची, बाजारात भाव काय निघाला, कोणाच्या मुलीचे कुठे जुळते आहे, हे तिथे पारखले जाई आणि दुसऱ्या दिवशी वस्तीचे मत म्हणून बाहेर पडे. कायद्याने कुणाला पंच नेमलेले नव्हते. तरी ही पंचायतच होती.

याच बैठकांतून कूरिंग चाले. आपल्याकडच्या वाचकाला सावड किंवा पैरा म्हटले की ते लगेच समजेल. पण मदत मागण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे, आणि ती अनेक अभ्यासकांनी टिपली आहे. कोणी कडी वाजवत नाही. दार ढकलून, घरावर देवाचा आशीर्वाद म्हणत माणूस आत येतो. चुलीजवळची जागा त्याला मिळते. मग हवामान. पावसाची भुरभुर असली तर ‘सॉफ्ट डे’ एवढे म्हणून होते. वारा कुठून आहे, काल डोंगर फार जवळ दिसत होता म्हणजे पाऊस येणार, असे बराच वेळ. मग कुणीतरी सहज म्हणतो, उघडीप टिकली तर गुरुवारी गवत कापायचा विचार आहे. उत्तरादाखल शेजारी म्हणतो, गुरुवारी माझ्याकडे तसे काही विशेष नाही. झाले, दोन माणसे मिळाली. विनंती झाली नाही, त्यामुळे नकाराची पाळी आली नाही. उपकाराचा उच्चार झाला नाही, पण कोण कुणाच्या किती दिवसांचे देणे लागतो हे खोलीतल्या प्रत्येकाच्या लक्षात असते. परक्या संशोधकाला हे संभाषण हवामानावरचे वाटले असते. मोठ्या कामाला, विशेषतः मळणीचे यंत्र एका शेतावरून दुसऱ्यावर फिरत येई तेव्हा, सगळा परिसर लोटे. त्याला मेहल म्हणत. आपली इर्जिकच. घरधनिणीच्या हातच्या जेवणावर त्या दिवशी घराची अब्रू ठरे.

सौद्यातही तेच आडवळण. पूर्वी जनावरांचा बाजार गावच्या रस्त्यावरच भरे. विकणारा आणि घेणारा एकमेकांकडे पाठ फिरवून निघून जात, मधला माणूस दोघांना ओढून आणी, फरक अर्धा करा म्हणून गळ घाली, शेवटी तळहातावर थुंकून टाळी पडे. पैसे मिळाले की विकणारा त्यातली लहानशी रक्कम शकुनाची म्हणून परत करी. १९५० नंतर लिलावाची बंदिस्त बाजारगृहे आली आणि हे सगळे नाटक दहा-वीस वर्षांत संपले. किमती अधिक स्वच्छ झाल्या, यात शंका नाही.

जमिनीच्या वारशाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय ही माणसे असे का बोलतात ते कळत नाही. शेत एकाच मुलाला मिळे. एका मुलीला हुंडा देता येई. बाकीच्यांनी बोस्टन, न्यूयॉर्क किंवा लंडन गाठायचे. ज्याला शेत मिळणार त्यालाही बाप हातातले सोडेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि चाळिशी उलटलेल्या अविवाहित माणसाला लोक ‘पोरगा’च म्हणत. लग्न ठरे तेव्हा वकिलाकडे करार होई. म्हाताऱ्या आईबापाने कोणत्या खोलीत राहायचे, त्यांना किती दूध, किती बटाटे, जळणासाठी किती पीट मिळायचे, रविवारी चर्चला जाताना गाडीत जागा मिळायची की नाही, इतके सगळे कागदावर येई. तोंडाने जे बोलणे जड जाते ते कागदावर. कागदावर जे आणणे शोभत नाही ते चुलीपाशी. ही वाटणी अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवावी.

दुसऱ्या दाराने आयरिश लोकच आले. १९३५ मध्ये जेम्स डिलार्गी यांच्या नेतृत्वाखाली सरकारी लोकसाहित्य आयोग सुरू झाला. त्याचे संग्राहक जड एडिफोन यंत्रे घेऊन दारोदार फिरत, मेणाच्या नळ्यांवर गोष्टी घेत, घरी येऊन शब्द न् शब्द उतरवून काढत. मग नळी तासून पुन्हा वापरायची, कारण पैसे नव्हते. अक्षर राहिले, आवाज गेला. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांना कामाला लावले: घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सरकारी योजनेतून इतके सुंदर काही क्वचितच निघते. आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सुलिवान यांनी १९४२ साली संग्राहकांसाठी जी प्रश्नावली छापली ती सातशे पानांच्या घरात जाते. चूल कशी पेटवता इथपासून मेलेल्याच्या खोलीतले घड्याळ बंद करता का इथपर्यंत. शेतकऱ्याच्या घरातली प्रत्येक वस्तू नोंदवण्याचा असाच ध्यास डब्लिनजवळ जन्मलेल्या जॉर्ज ग्रिअर्सनला लागला होता. त्याने १८८५ मध्ये बिहारच्या शेतकरी जीवनाचा कोश केला आणि पुढे त्याच्याच भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला मिळाला.

शाळकरी मुलांच्या वह्या फाळणीनंतर स्वतंत्र झालेल्या दक्षिणेतल्या सव्वीस काउंट्यांपुरत्या आहेत. उत्तरेकडे वळलो की ऐकण्याची रीत बदलावी लागते. रोझमेरी हॅरिस यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या एका डोंगराळ भागात काम केले. पुस्तक निघाले १९७२ मध्ये. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेतकरी एकमेकांच्या गवताला, जनावरांना, आजारपणाला धावून जात, आणि दुसऱ्या पंथाचा माणूस खोलीत असला की धर्म व राजकारण यांचा शब्दही काढत नसत. तो गेला की काढत. ही चुप्पी ढोंग होती की सभ्यता? हॅरिस यांचे वर्णन वाचून मी सभ्यतेच्या बाजूने झुकतो, पण ती सभ्यता भिंतही पक्की करत होती हे नाकारता येत नाही. त्याच १९७२ साली, उत्तरेतल्या हिंसाचाराच्या सर्वांत रक्तरंजित वर्षी, हेन्री ग्लासी हा अमेरिकन लोकसाहित्यज्ञ फर्मानाह काउंटीत पोचला. त्याचे ‘पासिंग द टाइम इन बॅलिमेनोन’ (१९८२) हे या क्षेत्रातले सर्वांत मोठ्या मनाचे पुस्तक. रात्रीच्या बैठकीची चाल त्याने स्वरलिपी लिहावी तशी लिहिली आहे: आधी शांतता, मग इकडचे तिकडचे, मग चहा, मग विनोदाला विनोद लागून रंगत चढते, आणि रात्र साथ देणारी असेल तरच एखादी गोष्ट किंवा गाणे. सगळ्यांना गोष्टीपर्यंत नेणे ही यजमानाची नव्हे, सगळ्यांचीच जबाबदारी.

या परंपरेवर टीकाही कडक झाली आहे आणि ती नवख्याने लवकर वाचावी. पीटर गिबन याने १९७३ मध्ये आरेन्सबर्ग-किंबॉल यांच्यावर ठपका ठेवला, की त्यांनी खेड्याचे गोडगोड संतुलन रंगवले आणि लहान-मोठ्या शेतकऱ्यांमधली पिळवणूक झाकली. त्याच वर्षी ह्यू ब्रोडीच्या ‘इनिशकिलेन’मध्ये उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर हसणारे आणि हिवाळ्यात बारमध्ये एकटेच पीत बसणारे अविवाहित शेतकरी दिसले. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी केरीतल्या एका खेड्यातल्या मानसिक आजारांवर १९७९ मध्ये पुस्तक लिहिले, गावाचे नाव बदलले. तरी लोकांनी आपल्याला ओळखले आणि वीस वर्षांनी त्या परतल्या तेव्हा त्यांना गाव सोडायला लावले. चुलीपाशी ऐकलेले बाहेर किती सांगायचे याचा निकाल तिथे शेजाऱ्यांनीच दिला. माझी स्वतःची तक्रार आणखी वेगळी आहे: जवळपास सगळे संशोधक म्हाताऱ्या पुरुषांच्या बैठकीत बसले. अंडी आणि लोण्याचा पैसा बाईच्या हातात असे, दुकानदाराशी तिची स्वतंत्र उधारी असे. घरोघरी पाळीपाळीने होणाऱ्या मिस्सेच्या आधी आठवडाभर भिंती रंगवून, शेजारणीकडून कपबशा आणून ती घर उभे करी. तिचे बोलणे कुठे आहे? जोअॅना बर्क आणि कॅट्रिओना क्लिअर यांच्या इतिहासग्रंथांनी ही भरपाई सुरू केली, पण उशिरा.

आज काय उरले आहे? १९४६ पासून खेड्यांत वीज गेली, १९७३ मध्ये देश युरोपीय समूहात शिरला, वाळल्या गवताच्या जागी सायलेज आले आणि मेहलच्या जागी ठेकेदाराचे यंत्र, जे एका दिवसात काम उरकते आणि चहालाही थांबत नाही. २०२० च्या कृषी गणनेत सुमारे एक लाख पस्तीस हजार शेते होती आणि दर तीन शेतकऱ्यांपैकी एक जण पासष्टी ओलांडलेला. दारू पिऊन गाडी चालवण्याचे नियम २०११ मध्ये आणखी कडक झाले, तेही योग्यच. पण तीन मैलांवरच्या पबात एक पेला घेऊन बसणारा म्हातारा त्यानंतर घरीच राहू लागला. तरी शेजार संपला असे म्हणण्याची घाई नको. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचे एक बोट अजून उचलले जाते, ओळख असो वा नसो. स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात तेव्हा स्वयंपाकघरात आवाज मोठा होतो, आणि अंत्यदर्शनाला न जाणे अजूनही लक्षात ठेवले जाते.

सुरुवात कुठून करावी असे मला विद्यार्थी विचारतात. जाड पुस्तकांनी नको. शाळकरी मुलांच्या त्या वह्या आता ‘डूकस’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. एखादी काउंटी निवडावी, एखादी शाळा, आणि लोणी घुसळण्यावरची पाने शोधावीत. घुसळण चालू असताना घरात आलेल्याने रवीला हात लावल्याशिवाय जायचे नाही, नाहीतर लोण्याची बरकत तो घेऊन जातो, असे अनेक मुलांनी आपापल्या आजीकडून ऐकून लिहिले आहे. त्यानंतर आरेन्सबर्ग घ्यावा, लगेच पाठोपाठ गिबन, म्हणजे दोघेही प्रमाणात राहतील. ग्लासीचे पुस्तक आठशे पानांवर जाते; ते सलग वाचू नये, दर खेपेला एकच संध्याकाळ वाचावी.