तुघलक

गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) यांचे तेरा प्रवेशांचे कन्नड नाटक. प्रथम प्रकाशन १९६४. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक (कारकीर्द १३२५–५१) याच्या राजवटीतील जेमतेम पाच वर्षे त्यात येतात. राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवण्याच्या १३२७ मधील घोषणेपासून ते दिल्लीला परतण्याच्या निर्णयापर्यंतचा हा काळ. मराठी माणसाला हा सुलतान भेटतो तो ‘तुघलकी कारभार’ या शब्दांतून. कार्नाडांचा तुघलक मात्र लहरी नाही. तो बुद्धिबळ खेळणारा, हिंदू-मुसलमानांना एकाच न्यायाने वागवू पाहणारा, आणि त्याच हिशेबी बुद्धीने माणसे मारणारा आहे.

कन्नडमध्ये इतिहासाला आजचा अर्थ देणारे नाटक नाही, अशी समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी यांची तक्रार होती. ‘तुघलक’ची प्रेरणा त्या तक्रारीतून आली.

नाटकाने इतिहासाशी घेतलेली मोकळीक हा त्याच्याविषयी नेहमी निघणारा मुद्दा. पण सुलतानाचे समकालीन झियाउद्दीन बरनी आणि इब्न बतूता यांचे वृत्तांत शेजारी ठेवले, तर कार्नाडांनी रचले त्याहून हलवलेच जास्त, असे दिसते. शेख इमामुद्दीनचे प्रकरण घ्या. सुलतानासारखा दिसणारा हा त्याचा कडवा टीकाकार राजवस्त्रे लेवून बंडखोर ऐन-उल-मुल्ककडे बोलणी करायला जातो आणि मारला जातो. हे अतिनाट्य वाटते; प्रत्यक्षात ते इब्न बतूताकडचे आहे. मुलतानच्या किश्लूखानाच्या बंडात सुलतानाने आपल्याशी साम्य असलेल्या शेख इमादुद्दीनला राजछत्राखाली उभे केले, आणि शत्रूने त्यालाच सुलतान समजून ठार केले. कार्नाडांनी शेखाला विरोधक बनवले, आणि १३४०च्या सुमाराचे ऐन-उल-मुल्कचे बंड तेरा वर्षे अलीकडे ओढून त्याला जोडले.

सावत्र आईचेही तसेच. नाटकात ती वजीर नजीबवर विषप्रयोग करवते आणि सुलतान तिला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा देतो. इब्न बतूताच्या वृत्तांतात ही शिक्षा सुलतानाचा सावत्र भाऊ मसूदखान याच्या आईला झाली होती. आरोप मात्र व्यभिचाराचा होता. इतिहासातील सुलतानाने जुम्म्याची आणि ईदची नमाज थांबवली, ती खलिफाकडून मान्यतेची सनद येईपर्यंत. नाटकात ती बंद होते, कारण नमाजाच्या वेळीच त्याच्यावर हल्ल्याचा कट झालेला असतो. एकाच हालचालीत राजकारण आणि पाप दोन्ही पकडणारा हा बदल नाटकातला सर्वांत धारदार म्हणायला हवा.

नाटककाराची खरी निर्मिती म्हणजे अझीज हा धोबी. तो ब्राह्मणाच्या वेषात सुलतानावर दावा लावून जिंकतो, सुलतानाने चालू केलेल्या तांब्याच्या नाण्यांचे डाव खेळतो आणि शेवटी खलिफाच्या वंशजाचा खून करून त्याच्याच नावाने दरबारात मिरवतो. खरा वंशज, गियासुद्दीन, दिल्लीत मानाने राहिला होता. कंपनी नाटकांत राजदरबाराचे ‘खोल’ प्रवेश आणि पडद्यापुढचे विनोदी ‘उथळ’ प्रवेश आलटून-पालटून येत. कार्नाडांनी हाच साचा घेतला. अखेरीस अझीज सुलतानासमोर उभा राहतो तेव्हा दोन्ही पातळ्या एक होतात, आणि सुलतान त्याला शिक्षा करूच शकत नाही.

बरनीबाबतचा बदल त्या मानाने फारसा चर्चिला जात नाही. नाटकात तो आरंभापासून सुलतानाजवळ आहे आणि शेवटी आईच्या मृत्यूचे निमित्त करून निघून जातो. वास्तविक तो दरबारात आला १३३४च्या सुमारास, म्हणजे नाटक जिथे संपते त्याच्याही नंतर, आणि पुढे सतरा वर्षे सुलतानाचा नदीम, म्हणजे दरबारी सोबती, होता.

नाटकाचा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांचा, हिंदुस्तानी ब. व. कारंत यांचा, इंग्रजी रूप स्वतः कार्नाडांनी केले आणि अलेक पदमसी यांनी ते १९७० मध्ये मुंबईत सादर केले. नेहरूयुगाच्या स्वप्नभंगाचे रूपक म्हणून हे नाटक वाचले गेले. दरबारी तपशिलापेक्षा प्रेक्षकाला तेच जवळचे वाटले असावे. इब्राहिम अल्काझी यांनी सत्तरच्या दशकात दिल्लीच्या पुराना किल्ल्यात, मनोहर सिंग यांना सुलतान करून, उघड्यावर केलेला प्रयोग सर्वांत गाजला. हा किल्ला सोळाव्या शतकातला, सुलतानाच्या मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी बांधलेला.