भुकेल्यांचं गाव आणि जमिनीच्या चार वाटण्या

एप्रिल 2020. अख्खा युरोप दारं लावून बसला होता. रोमानियात घराबाहेर पडायचं तर कारण लिहिलेला कागद जवळ बाळगावा लागत होता. त्याच दिवसांत क्लूज शहराच्या विमानतळाबाहेर शेकडो माणसं बॅगा घेऊन खांद्याला खांदा लावून उभी होती. त्यांना जर्मनीला जायचं होतं. फिरायला नाही, ॲस्परॅगस काढायला. आपल्या शतावरीच्या कुळातली ही भाजी जर्मन लोक वसंतात चवीने खातात. वेळेत काढली नाही तर ती शेतातच वाया जाते. म्हणून टाळेबंदीतही मजुरांसाठी खास विमानं सोडण्यात आली.

ते फोटो जगभर फिरले. रोगाच्या भीतीबद्दल बरंच बोललं गेलं, पण एक साधा प्रश्न मागेच राहिला. रोमानिया काही ओसाड देश नाही. डॅन्यूबच्या काठची तिथली काळी माती नावाजलेली आहे. मका आणि सूर्यफूल पिकवण्यात हा देश युरोपियन युनियनमध्ये पहिल्या काही नंबरांत असतो. मग तिथल्या खेड्यातल्या माणसांना दुसऱ्याच्या शेतात वाकायला दीड-दोन हजार किलोमीटर का जावं लागतं?

‘जमीन नाही म्हणून’ हे उत्तर चटकन सुचतं, पण ते चुकीचं आहे. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत रोमानियाने शेतकऱ्यांना जमीन एकदा नाही, चार वेळा वाटली.

पहिली वाटणी, आणि वेठ मागच्या दाराने

पहिली वाटणी 1864 ची. मोल्दाव्हिया आणि वालाकिया ही दोन संस्थानं नुकतीच एकत्र आली होती. अलेक्सांद्रू इओआन कुझा त्यांचा राजा होता आणि मिहाइल कोगल्निचानू पंतप्रधान. जमीनदारांचा विरोध मोडून या दोघांनी वेठ कायद्याने संपवली आणि चार लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबांच्या नावावर जमीन केली. तिची किंमत शेतकऱ्यांनी 15 वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती.

1866 मध्ये कुझाला गादीवरून उतरवण्यात आलं. त्याच वर्षी शेतीच्या करारांचा कायदा आला. मिळालेली जमीन पोट भरायला पुरत नव्हती, त्यात हप्ते होते आणि पोरं वाढली की वाटण्या होत होत्या. मग शेतकरी जमीनदाराकडे आणखी जमीन मागायला जायचा आणि बदल्यात त्याच्या शेतात राबायचा करार करायचा. हे करार बहुतेक हिवाळ्यात व्हायचे, म्हणजे कणगी रिकामी असायची तेव्हा. त्या वेळी माणूस कशावरही अंगठा उठवतो. वर कोंबड्या, अंडी अशा ‘भेटी’ असायच्याच. करार मोडला तर शेतकऱ्याला कामावर ओढून नेण्यासाठी बळ वापरायची सोयही कायद्यात होती. कोन्स्तांतीन दोब्रोजानू-गेरिया या समाजवादी लेखकाने 1910 मध्ये या अवस्थेला ‘नव-वेठबिगारी’ असं नाव दिलं. कागदावर मोकळा असलेला हा माणूस करारात मात्र बांधलेला होता.

या व्यवस्थेत एक तिसरा माणूसही होता, ‘आरेंदाश’. जमीनदार राहायचा बुखारेस्टला किंवा पॅरिसला. त्याची अख्खी इस्टेट आरेंदाश खंडाने घ्यायचा आणि शेतकऱ्यांना तुकड्या-तुकड्याने पुन्हा द्यायचा. जमीनदाराला ठरलेला पैसा मिळायचा, वरचा सगळा नफा आरेंदाशचा. साहजिकच दर वर्षी शेतकऱ्याची पिळवणूक वाढत गेली. हा आरेंदाश लक्षात ठेवा, तो या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

1907

देशाच्या ईशान्येला बोतोशान जिल्ह्यात फ्लमिंझ नावाचं गाव आहे. रुमेनियन भाषेत या नावाचा अर्थच ‘भुकेले’ असा होतो. फेब्रुवारी 1907 मध्ये इथल्या शेतकऱ्यांचे नव्या वर्षाचे करार रखडले. करार नाही म्हणजे पेरणी नाही, आणि पेरणी नाही म्हणजे वर्षभर उपास. तिथे पडलेली ठिणगी काही आठवड्यांत देशभर पसरली.

उत्तर मोल्दाव्हियात इस्टेटी खंडाने घेणाऱ्यांत फिशर हे ज्यू घराणं सर्वांत मोठं होतं. सुरुवातीचा रोष ज्यूंवर निघाला, दुकानं-घरं लुटली गेली. पण आग दक्षिणेला पोचली तेव्हा तिथल्या आरेंदाशांत आणि जमीनदारांत ग्रीक होते, रुमेनियन होते. तेही वाचले नाहीत. भांडण करारांचं होतं. धर्माच्या नावाने ते आधी सोप्या सावजावर उतरलं, इतकंच.

सरकारने सैन्य पाठवलं. तोफा डागून गावं शांत करण्यात आली. किती माणसं मेली? सरकारी आकडा काहीशे, लोकांच्या तोंडी राहिलेला आकडा 11,000. खरा आकडा कधीच ठरणार नाही, कारण त्या दडपशाहीची बरीचशी कागदपत्रं नष्ट करण्यात आली.

त्या काळी रोमानिया गव्हाच्या निर्यातीत युरोपातल्या मोठ्या देशांपैकी एक होता. गहू पिकवणारा शेतकरी मात्र मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, म्हणजे ममलिगा खाऊन जगत होता. नुसत्या मक्यावर जगल्याने होणारा पेलाग्रा हा रोग गावोगाव होता. देशातली जवळपास निम्मी शेतजमीन काही हजार मोठ्या मालकांकडे होती. हा ‘निम्मी’ शब्दही लक्षात ठेवा.

दुसरी आणि तिसरी वाटणी

पहिलं महायुद्ध आलं. 1917 मध्ये निम्मा देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता आणि शेजारी रशियात क्रांती सुरू झाली होती. तेव्हा राजा फर्डिनांडने खंदकातल्या सैनिकांना वचन दिलं: लढा, जमीन देतो. ते पाळलंही गेलं. 1921 च्या कायद्याने सुमारे 60 लाख हेक्टर जमीन मोठ्या मालकांकडून काढून घेण्यात आली आणि सुमारे 14 लाख शेतकऱ्यांना जमीन मिळाली. त्या काळातल्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या जमीन सुधारणांपैकी ही एक.

पण जमिनीबरोबर बैल आले नाहीत, नांगर आले नाहीत, स्वस्त कर्ज तर नाहीच नाही. 1929 नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला. 1934 मध्ये सरकारला कर्जं निम्म्यावर आणायचा कायदा करावा लागला. दरम्यान बापाच्या पाच हेक्टरांचे मुलांत तुकडे होत होते.

तिसरी वाटणी मार्च 1945 ची. पेत्रू ग्रोझाच्या कम्युनिस्ट वर्चस्वाखालच्या सरकारने 50 हेक्टरांवरच्या जमिनी काढल्या आणि सुमारे 9 लाख कुटुंबांना दिल्या. प्रत्येकी सव्वा हेक्टरच्या आसपास. एवढ्यात घर चालत नाही, पण मत मिळतं. ही जमीन किती दिवस राहणार, हे देणाऱ्यांना बहुधा तेव्हाच माहीत होतं.

दिलेलं परत घेतलं

मार्च 1949 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने शेती सामूहिक करायचं ठरवलं. काम पूर्ण झाल्याची घोषणा एप्रिल 1962 मध्ये झाली. ही 13 वर्षं गावांनी कशी काढली?

आधी सक्तीची लेव्ही आली: इतकं धान्य, इतकं दूध, इतकी लोकर सरकारला द्यायची. जरा बऱ्या शेतकऱ्यावर ‘कियाबूर’ असा शिक्का बसायचा, म्हणजे गावचा शोषक. त्याच्यावर लेव्ही जास्त आणि त्याच्या मुलांना शाळा-कॉलेजात अडथळे. मग ‘स्वेच्छेने’ सामूहिक शेतीत सामील होण्याचे अर्ज यायचे. देशाचे सर्वेसर्वा असलेल्या गेओर्गिऊ-देज यांनी 1961 मध्ये स्वतःच कबूल केलं की या मोहिमेत सुमारे 80,000 शेतकऱ्यांना अटक झाली होती. डिसेंबर 1957 मध्ये व्रान्चा भागातल्या वादू रोष्का गावाने विरोध केला, तेव्हा गोळीबारात 9 जण मारले गेले. त्या कारवाईचं नेतृत्व करणारा पक्षाचा माणूस होता निकोलाए चाउशेस्कू.

पुढे तोच देशाचा हुकूमशहा झाला. 1980 च्या दशकात त्याने सगळं परदेशी कर्ज फेडायचं ठरवलं आणि त्यासाठी अन्न निर्यात केलं. पिकवणाऱ्या देशात ब्रेडला रेशन आणि दुकानांबाहेर पहाटेपासून रांगा. दुकानात मांस म्हणून बऱ्याचदा डुकराचे खूर तेवढे मिळायचे. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘आदिदास’. एप्रिल 1989 मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चाउशेस्कू संपला.

या काळाने आणखी एक गोष्ट संपवली, तिची किंमत आजही मोजावी लागते आहे. सामूहिक शेताचं अधिकृत नाव होतं ‘कृषी उत्पादन सहकारी संस्था’. तिथे सहकार या शब्दाचा अर्थच जमीन जाणं असा झाला.

चौथी वाटणी: ताणली जाणारी जमीन

फेब्रुवारी 1991 मध्ये 18 क्रमांकाचा कायदा आला: जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना जमीन परत, सुरुवातीला 10 हेक्टरांपर्यंत. पुढे 1997 मध्ये ही मर्यादा वाढली.

ऐकायला सोपं वाटतं. पण 30-40 वर्षांत बांध नांगरले गेले होते, ओढ्यांची पात्रं बदलली होती, काही जमिनींवर इमारती उभ्या होत्या. कॅथरिन व्हर्डरी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका गावात राहून हे सगळं बघत होत्या. तिथे जमीन रबरासारखी ताणली जायची आणि आकसायची असं त्यांनी लिहिलं आहे. दावे जास्त आणि माती कमी. लेव्ही चुकवायला 1950 च्या दशकात बापाने रजिस्टरात जमीन कमी दाखवली असेल, तर ते खोटं आता मुलाच्या अंगावर यायचं. कुणाला कुठला तुकडा मिळणार हे मेयरच्या हाताखालची समिती ठरवायची. ज्याची ओळख त्याला रस्त्याकडेचा तुकडा.

त्याच वेळी सामूहिक शेतांचे गोठे मोडून विटा वाटल्या गेल्या. देशात सुमारे 30 लाख हेक्टरांवर सिंचनाची सोय होती, पण ती हजार-हजार हेक्टरांच्या पट्ट्यांसाठी बांधलेली. अर्ध्या हेक्टरच्या पट्टीला पाणी कोण सोडणार आणि बिल कुणाच्या नावावर? पंप गंजले, पाइप भंगारात गेले. शहरातले कारखाने बंद पडले तशी माणसं गावी परतली. 2000 च्या सुमारास कामकऱ्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त लोक शेतीत होते. शेती म्हणजे बेकारांचा आसरा झाली होती.

हेक्टरचा उंबरठा

1 जानेवारी 2007 ला रोमानिया युरोपियन युनियनमध्ये गेला. शेतीसाठी अनुदान सुरू झालं, पण हेक्टरवारी, म्हणजे जमीन जितकी जास्त तितके पैसे जास्त. शिवाय किमान एक हेक्टर हवा आणि त्यातला प्रत्येक तुकडा किमान 0.3 हेक्टरांचा. 2010 च्या शेती गणनेत देशात 38 लाखांहून जास्त शेतं मोजली गेली. त्यांतली निम्म्याच्या आसपास एक हेक्टरच्या आतली. म्हणजे लाखो शेतकरी उंबरठ्याबाहेरच राहिले.

मग त्या तुकड्यांचं काय झालं? म्हाताऱ्या आईबापांनी ते खंडाने दिले आणि मुलं इटलीला, स्पेनला, जर्मनीला गेली. खंडाने घेणाऱ्याने शेकडो तुकडे जोडले, मोठा ट्रॅक्टर आणला आणि गहू-मका-सूर्यफूल पेरलं. अनुदान जमीन कसणाऱ्याला मिळतं, तेही त्यालाच. रुमेनियन भाषेत या खंडाला आजही ‘आरेंदा’ म्हणतात. 1907 चा शब्द तसाच आहे.

त्याच गणनेत 100 हेक्टरांवरची शेतं अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरली, आणि त्यांच्याकडे होती देशातली जवळपास निम्मी शेतजमीन. तीन वाटण्या, एक जप्ती, पुन्हा एक वाटणी, आणि काटा आला तो ‘निम्म्या’वरच.

आजच्या मोठ्या शेतकऱ्याला 1907 चा जुलमी आरेंदाश ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. तो कुणाला वेठीला धरत नाही, आणि त्याच्याही डोक्यावर कर्ज असतं. युक्रेनच्या युद्धानंतर तिकडचं धान्य रोमानियातून जाऊ लागलं. 2023 मध्ये कोन्स्तान्त्सा बंदरातून सुमारे 140 लाख टन युक्रेनी धान्य बाहेर गेलं. त्यातलं काही देशातच उतरलं आणि भाव पडले, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. जानेवारी 2024 मध्ये ट्रॅक्टर रस्त्यावर आले ते डिझेलचा खर्च, उशिरा येणारं अनुदान, दुष्काळ आणि पडलेले भाव घेऊन.

अन्न बनवणाऱ्यांची गोष्टही अशीच. 20 डिसेंबरला, संत इग्नाटच्या दिवशी, घरचं डुक्कर कापायची खेड्यातली जुनी रीत आहे. 2018 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हरने परसातली डुकरं मोठ्या संख्येने मारावी लागली. देश धान्य बाहेर पाठवतो आणि डुकराचं मांस बाहेरून आणतो. म्हणजे धान्याचं मांस करून मिळणारा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. 2016 मध्ये संसदेने कायदा केला की सुपरमार्केटने ठरावीक ताज्या मालातला 51 टक्के स्थानिक पुरवठादारांकडून घ्यावा. युरोपियन आयोगाने मुक्त व्यापाराच्या नियमावर बोट ठेवलं. पण त्या 51 टक्क्यांइतका एकसारखा, निवडलेला, शीतगृहात ठेवलेला माल छोट्या शेतकऱ्यांनी एकेकट्याने कसा पुरवायचा होता, हा प्रश्नही होताच.

वाटायचं राहिलेलं

चारही वाटण्यांत जमीन वाटली गेली. जमिनीभोवतीचं काहीच वाटलं गेलं नाही: कर्ज, पाणी, गोदाम, पक्की नोंद, भाव ठरवायची ताकद. ज्याच्याकडे हे होतं त्याच्याकडे जमीन आपोआप गेली, मग तो आरेंदाश असो, सरकार असो की कंपनी.

म्हणून पाचव्या वाटणीची मागणी आज कुणी करत नाही. हवं आहे ते साधं आहे आणि म्हणूनच अवघड. जमिनीच्या नोंदी पूर्ण करणं, म्हणजे तिच्यावर कर्ज तरी मिळेल. छोट्या पट्ट्यांना चालेल असं सिंचन. अनुदानाचा मोठा वाटा पहिल्या काही हेक्टरांना. 2023 पासूनच्या युरोपीय धोरणाने या दिशेने एक पाऊल टाकलं, पण एक हेक्टरचा उंबरठा तिथेच आहे. आणि एकत्र येऊन माल विकणाऱ्या संस्था. त्यांचा कायदा 2004 मध्येच झाला, पण तिथे अडचण कायद्याची नाही. ज्याच्या आजोबांनी रात्री दारावर थाप पडल्यावर ‘स्वेच्छेचा’ अर्ज भरला, त्याला ‘सहकारी संस्थेत सही कर’ म्हणणं सोपं नाही. तो विश्वास कुठल्याही अनुदानातून विकत मिळत नाही.

क्लूजच्या विमानतळावर उभ्या असलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी कागदावर जमीन असेल. अर्धा हेक्टर, पाऊण हेक्टर. पणजोबांना खंदकात मिळालेल्या वचनाची, आजोबांकडून हिसकावलेली, बापाला कज्जे करून परत मिळालेली. ती खंडाने देऊन ते विमानात बसले आणि दुसऱ्याच्या वाफ्यात वाकायला गेले.