भाव आणि भाडं

मोठ्या दुकानात स्वस्त मिळतं म्हणून आपण तिकडे वळतो. गल्लीतलं दुकान बंद पडलं की मग हळहळतो. आज आम्ही पॅरिस शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांची अशीच हकिगत सांगणार आहोत.

१९७४ साली तिथं फ्नाक नावाच्या साखळी दुकानानं पुस्तकांवर २० टक्के सूट देऊन विक्री सुरू केली. घाऊक खरेदी करणाऱ्याला ते परवडतं, लहान दुकानदाराला कुठून परवडणार? त्याचा संसार चालतो भराभर खपणाऱ्या पुस्तकांवर. त्याच कमाईतून तो कवितेचं किंवा नवख्या लेखिकेचं पुस्तक महिनोन्‌महिने कपाटात ठेवू शकतो.

१९८१ मध्ये सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी कायदा आणला. किंमत प्रकाशकानं ठरवायची आणि दुकान लहान असो की मोठं, सूट ५ टक्क्यांपर्यंतच. गिऱ्हाइकाची मोठी सूट गेली, पण लहान दुकानांना उभं राहता आलं.

भाव सावरला, तरी भाडं राहिलंच. विद्यापीठाजवळच्या लॅटिन क्वार्टर भागात जागा महागल्या आणि पुस्तकांच्या जागी कपड्यांची दुकानं आली. तेव्हा महापालिकेच्या कंपनीनं काही गाळे विकत घेतले आणि पुस्तकविक्रेत्यांना परवडेल अशा भाड्यानं दिले. सगळी दुकानं काही वाचली नाहीत. जी वाचली, त्यांना कायद्याचा आणि जागेचा असा दोन्हीकडून आधार होता.

आपल्या गटाचं दुकान ज्या गाळ्यात आहे, त्याचं भाडं कोण ठरवतं? पुढच्या बैठकीत एवढं नक्की बोला.