विडा बाळंतिणीचा

बाळंतविडा या शब्दात बाळ आधी येतं हे खरं, पण विडा बाळाचा नव्हे, बाळंतिणीचा. ज्याच्या तोंडात एक दात नाही त्याला विडा देऊन तो करणार काय? तरी लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जाऊन 'बाळंतविडा दाखवा' म्हणून बघा. पहिला प्रश्न येतो, "मुलगा की मुलगी?" बाळंतीण कशी आहे हे कोणी विचारत नाही. तिच्या मापाचं तिथे काही नसतंच.

एके काळी विडा हा खरोखरच खायचा असे. जेवण झालं की ओवा आणि बाळंतशेपा घातलेलं पान बाळंतिणीच्या हातात पडे. बाहेरून येणारा विडा म्हणजे डबा. त्यात डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, तुपाची बरणी, वर नारळ आणि खण. बाळाचा वाटा एका कोपऱ्यात : अंगडं, टोपडं, कुंची, आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं. आमची आत्या डबा घेऊन गेली की बाळाकडे नंतर बघे. आधी बाळंतिणीसमोर बसायची आणि दोन लाडू तिच्या पोटात गेल्याशिवाय हलायची नाही. तिचा अनुभव दांडगा होता. मागे ठेवलेले लाडू माहेरी भावांना मानवतात, सासरी दिरांना.

आता पुणेकराने इतिहास सांगायचा आणि पेशवाईत शिरायचं नाही, हे कसं जमायचं? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले, तेव्हा गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या जिवाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. एवढा भारी बाळंतविडा महाराष्ट्रात दुसऱ्या बाळाच्या वाट्याला आला नसेल. मापाचं काय केलं, देव जाणे. पण बाळंतिणीला काय मिळालं? ती विधवा. सगळ्या राज्याची आशा तिच्या मांडीवर, आणि तिची स्वतःची ओटी भरायची रीत नाही. १७७७ मध्ये ती वारली. सवाई माधवराव तेव्हा तीन वर्षांचे होते.

तरी तिच्यासाठी एक किल्ला उघडला गेला, कारण पोटात पेशवा होता. बाकीच्या विधवांच्या पोटात पेशवे नव्हते. त्यांच्यासाठी दार उघडलं ते ८९ वर्षांनी, आणि तेही जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरचं. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि तशा नोटिसा लावल्या : गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा. जोतीरावांनी १८८४ साली त्याचा हिशेब लिहून ठेवला आहे. पस्तीस जणी आल्या. मुलं जगली पाच. उरलेली तीस गेली, कारण पोट लपवायला आयांनी आधी औषधं घेतली होती. हे आकडे वाचले की माझ्यासारख्या थट्टेखोराचीही लेखणी अडते. त्या पस्तीस जणींसाठी कोणाच्या घरून लाडूंचा डबा निघाला असेल असं मला वाटत नाही. पण एक खोली, दाराला आतून कडी आणि बाहेर नाव न फोडणारी माणसं, याहून चांगला बाळंतविडा पुण्यात कोणी दिल्याचं मला ठाऊक नाही. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

मग १९१२ मध्ये रास्ता पेठेत बाळंतपणाचा दवाखाना निघाला, आजचं के. ई. एम. डॉ. बानू कोयाजी १९४४ साली तिथे गेल्या तेव्हा खाटा होत्या चाळीस. धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीतून बाळंतीण उजेडात आली, ही फार मोठी गोष्ट झाली. आत्याची मात्र पंचाईत झाली. भेटायची वेळ ठरलेली, आणि दोन लाडू घड्याळ लावून खाववत नाहीत.

हे कोडं तिकडे फिनलंडच्या सरकारनेही सोडवलं. १९३८ पासून ते गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना एक खोका देतात. आत बाळाचे कपडे, आणि रिकामा खोका म्हणजे बाळाचं अंथरूण. मेख अशी, की खोका हवा असेल तर आईने चौथा महिना संपायच्या आत तपासून घ्यायचं. थोडक्यात, झबल्याची लालूच दाखवून आईकडे बघायचं. आत्या खूष झाली असती.

आमच्याकडे झबलं हेच सर्वस्व. ते नेहमी एक माप लहान असतं, म्हणून पिशवीसकट कपाटात जातं आणि पुढच्या बारशाला निघतं. पेठापेठांतून असं हिंडणारं एक पिवळं झबलं माझ्या ओळखीचं आहे. त्याच्या पहिल्या मानकऱ्याला आता मिशा आल्या आहेत.

मी डिंकाचे लाडू नेतो. परवा एका आजीबाईंनी डबा उघडला, आत पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि बाळाला हो काय?" बाळंतिणीचं तोंड भरलेलं होतं, म्हणून उत्तर मलाच द्यावं लागलं.