औरंगाबाद, ३९

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात, इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा हे ठरवून देणाऱ्या दस्तऐवजात, शेवटी शहरांची एक यादी आहे. अनेक नावे आणि प्रत्येकापुढे एक आकडा. मुंबई ४४, नागपूर ४४, पुणे ३९, नाशिक ३९, भुवनेश्वर ५०. त्यातच एक ओळ आहे, औरंगाबाद ३९. ही यादी २०१५ च्या आवृत्तीतली असल्याने शहराचे नाव तिथे जुनेच आहे. आकडा मीटर प्रति सेकंदात आहे. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचा तर १४०.

शहरातल्या प्रत्येक इमारतीचे, मोबाइलच्या मनोऱ्याचे, वाळूजच्या कारखान्यांच्या शेडचे गणित कागदावर या आकड्यापासून सुरू व्हायला हवे. म्हणून हा आकडा कुठून आला, कोणी मोजला आणि तो नेमके काय सांगतो, हे उपलब्ध कागदांच्या आधारे मागे मागे जात पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

आधी आकडा काय सांगतो ते पाहू. मानकातली व्याख्या काटेकोर आहे. मोकळ्या, तुरळक झाडे-घरे असलेल्या जमिनीवर, १० मीटर उंचीवर, ३ सेकंदांच्या सरासरीने मोजलेला झोत. असा किंवा याहून जोरदार झोत येण्याची शक्यता दर वर्षी ५० त १. ‘पन्नास वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की आपल्या घराच्या आयुष्यात असा वारा बहुधा येणारच नाही. हिशोब उलटा निघतो. दर वर्षी तो न येण्याची शक्यता ०.९८; तिचा ५० वेळा गुणाकार केला की ०.३६ उरते. म्हणजे पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीला हा वारा निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. ३९ हा आकडा दुर्मीळ संकटाचा नाही, अपेक्षित पाहुण्याचा आहे.

आता हा आकडा आला कुठून? १९८७ च्या आवृत्तीत देशाचे सहा पट्टे पाडून प्रत्येकाला मूळ वेग दिला गेला: ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५. त्यासाठी हवामान खात्याच्या ४३ केंद्रांवरच्या नोंदी वापरल्याचे मानकातच नमूद आहे. एवढा मोठा देश आणि केंद्रे ४३. त्यामुळे यादीतला एखाद्या शहराचा आकडा ही त्या शहराच्या छपरावर घेतलेली नोंद असतेच असे नाही. नकाशावर ते शहर ज्या पट्ट्यात पडले, त्या पट्ट्याचा तो आकडा असतो. त्याआधीच्या, १९६४ च्या आवृत्तीत तर वेग नव्हताच. तिथे वाऱ्याचा दाब किलोग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये दाखवणारे दोन नकाशे होते, एक अल्पकाळाच्या झंझावातांसह आणि दुसरा ते वगळून. कोणता घ्यायचा, याचा अभियंत्याला तेव्हा विचार करावा लागे. मानकाची पहिली आवृत्ती त्याही आधीची, १९५७ ची.

त्या ४३ केंद्रांवरचे यंत्र होते डाइन्सचे दाबनळी वायुलेखक. वातकुक्कुटासारखे फिरणारे नळीचे तोंड नेहमी वाऱ्याकडे राहते; आत शिरलेल्या हवेचा दाब खाली पाण्याच्या टाकीत तरंगणाऱ्या भांड्यापर्यंत जातो; भांडे वर-खाली होते आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ ओढते. प्रत्येक झोताचे टोक कागदावर उमटते. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, खात्याची उपकरणे बनवणारी कार्यशाळा पुण्यात चालली, आणि हवामान नोंदींचा राष्ट्रीय साठाही आज पुण्यातच आहे. म्हणजे आपल्या छपराचा हिशोब ज्या रेघांवरून झाला, त्यांचा मुक्काम आपल्या राज्यातच आहे.

हे यंत्र बनवण्याची निकड मात्र एका दुर्घटनेतून आली. २८ डिसेंबर १८७९, रविवारची संध्याकाळ. स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या रेल्वे पुलाचे मधले उंच गाळे वादळात कोसळले आणि त्यावरची प्रवासी गाडी नदीत गेली. सुमारे ७५ माणसे होती, एकही वाचले नाही. पुलाचा अभियंता थॉमस बाउच. चौकशी आयोगासमोरची त्याची साक्ष छापून राहिली आहे, आणि तिच्यातून निघते ते असे की वाऱ्याच्या दाबासाठी त्याने गणितात वेगळी तरतूद केलीच नव्हती. त्याच्याजवळ राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी यांचे एक मत होते, तेही दुसऱ्याच एका पुलासाठी मागवलेले: चौरस फुटाला १० पौंड धरले तरी पुरे. दुर्घटनेनंतर नेमलेल्या आयोगाने १८८१ मध्ये हाच आकडा ५६ पौंडांवर नेला. काही वर्षांत एकाच देशात एकाच वाऱ्याचा दाब साडेपाच पट झाला! वारा तोच होता. तो मोजायचे विश्वासार्ह साधन कोणाजवळ नव्हते. ही उणीव भरून काढायला विल्यम हेन्री डाइन्स याने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८९२ च्या सुमारास दाबनळीचे यंत्र सिद्ध झाले.

त्याच काळात बेंजामिन बेकर फोर्थवरचा पूल बांधत होता. त्याने कामाच्या जागी दोन आकारांच्या फळ्या उभ्या केल्या: एक ३०० चौरस फुटांची, इतर दीड चौरस फुटाच्या. प्रत्येक वादळात लहान फळीवर चौरस फुटाला जो दाब दिसे, त्याहून मोठ्या फळीवर कमी दिसे. कारण झोत सगळीकडे एकाच वेळी सारख्या जोराचा नसतो. हे निरीक्षण आपल्या मानकातही उतरले आहे. २०१५ च्या आवृत्तीत क्षेत्रफळाचा एक गुणक आहे: १० चौरस मीटरपर्यंत १, २५ ला ०.९, १०० आणि पुढे ०.८. बेकरचे नाव तिथे नाही, निष्कर्ष मात्र त्याचाच.

वेगाचे दाबात रूपांतर करायचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग, गुणिले ०.६. ३९ चा दाब चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलो. यातल्या ‘वर्गा’ने किती फरक पडतो, ते १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला दिसले. पेट्रोल पंपाशेजारचा १२० बाय १२० फुटांचा जाहिरातफलक वळिवाच्या वादळात कोसळून १७ माणसे गेली. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालातले आकडे वृत्तपत्रांत आले होते: पाया ताशी ४९ किलोमीटरचा वारा पेलणारा, त्या दिवशीचा वारा ८७, आणि पेलायला हवा होता १५८. हा १५८ म्हणजे यादीतले मुंबईचे ४४. वेगात पाहिले तर क्षमता एक तृतीयांश वाटते. जोरात पाहिले, म्हणजे वर्ग केला, तर ती दहाव्या भागाहूनही कमी भरते.

मात्र मराठवाड्यात मला काळजी वाटते ती पत्र्यांची. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की दुसऱ्या दिवशी ठरलेली बातमी: पत्रे उडाले, पत्र्यावरचा दगड अंगावर पडून कोणी दगावले. शेतातल्या वस्तीवर तीन मीटर उंच, सहा मीटर रुंद, थोडा उतार असलेले पत्र्याचे घर घेऊ. मानकाच्या तक्त्याप्रमाणे वाऱ्याकडच्या अर्ध्या छपरावर वरून दाबाच्या ०.९ पट ओढ बसते. दार-खिडकीतून वारा आत शिरला की आतून ०.५ चा रेटा. मिळून १.४. ३९ च्या वाऱ्यात चौरस मीटरला सुमारे १३० किलो, वरच्या दिशेने. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाचेक किलो. दहा फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा म्हणजे ३६० किलोंची उचल. त्यावर ठेवलेले वीस-वीस किलोंचे दोन-चार दगड ही उचल थोपवू शकत नाहीत. पत्रा सुटला की तेच खाली झोपलेल्यांवर येतात. निम्म्या वेगाला, म्हणजे ताशी ७० किलोमीटरला, उचल चौथाईवर येते, तरी ती पत्र्याच्या वजनाच्या सहापट असते. वळिवात असा झोत नवलाचा नाही.

या पत्र्यांनाही इतिहास आहे. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे: लाकडी कड्या-तुळयांवर फूटभर, कधी दोन-अडीच फूट मातीचा थर. फूटभर माती म्हटली तरी चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास. वाऱ्याने ते छप्पर उचलणे अशक्यच. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात त्याच वजनाखाली हजारो माणसे गाडली गेली. भूकंपानंतरच्या तांत्रिक अहवालांनी दगड-मातीच्या भिंतींबरोबर या जड छपरांवरही बोट ठेवले. हलके छप्पर भूकंपात जीव वाचवते, हा धडा खरा होता आणि लोकांनी तो धरला. पैशाअभावी आणि माळवदाच्या दरवर्षीच्या डागडुजीला कंटाळून पत्र्याकडे आधीच वळलेलेही पुष्कळ होते. पण वजन गेले की ते वाऱ्याविरुद्ध करत असलेले काम दुसऱ्या कशाने तरी करावे लागते. ते काम बोल्टचे, आणि ते कोणी शिकवले नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या हातात मानक ८७५ कधी पोचलेच नाही.

त्याच तक्त्यात शेजारी आणखी एक स्तंभ आहे, छपराच्या कडांचा. काठावर आणि कोपऱ्यांत ओढ ०.९ वर थांबत नाही, त्याहून बरीच पुढे जाते. सहा मीटर रुंदीच्या घराला हा काठ साधारण ९० सेंटिमीटरचा, म्हणजे पत्र्याच्या एका रुंदीएवढा. पत्रा सुटायला सुरुवात तिथूनच होते, आणि वस्त्यांवरच्या घरांत मधल्या अँगलला जेवढे जे-हूक तेवढेच कडेला मारलेले असतात. कडेच्या एका पत्र्याच्या रुंदीत हूक दुप्पट दाट मारायचे, अँगल भिंतीवर नुसता टेकवून न ठेवता सळईने खाली भिंतीत बांधायचा, आणि वर ठेवलेला दगड उतरवायचा. एका घराला लागणारे जादा हूक दोन ओंजळींत मावतील.