तिकिटावरचा मुक्कामी अधिभार

मोबाइलवर विमानाचं तिकीट काढताना पैसे भरण्याच्या पानावर 'भाड्याचा तपशील' अशी एक ओळ असते. तिच्यावर बोट ठेवलं की यादी उघडते: मूळ भाडं, विमानतळाचं शुल्क म्हणजे यूडीएफ, सुरक्षा शुल्क, जीएसटी आणि कधीकधी इंधन अधिभार. बहुतेक जण ती न उघडताच पैसे भरून मोकळे होतात. पण या यादीला इतिहास आहे. अडचणीच्या काळात 'तात्पुरती' म्हणून वाढवलेली रक्कम पुढे जाते की राहते, हे ती उतरवण्याची जबाबदारी कोणावर आहे यावर ठरतं, असं तो इतिहास सांगतो.

सुरुवात १९७१ पासून करू. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांचा खर्च भागवायला केंद्र सरकारने नवे कर बसवले. १५ नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. नाशिकच्या सरकारी छापखान्यात कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवरच 'शरणार्थी सहायता' ही अक्षरं छापून ती बाजारात आणली गेली. रेल्वेच्या आणि देशातल्या विमानप्रवासाच्या भाड्यावरही असाच कर लागला. युद्ध संपलं, निर्वासित परतले आणि १९७३ मध्ये संसदेने हे कर बंद करणारा स्वतंत्र कायदा केला. कर कशासाठी हे तिकिटावरच छापलेलं होतं आणि तो कोणी उठवायचा हेही ठाऊक होतं.

पुढे विमानाचं तिकीट सरकारच्या नजरेत पुन्हा भरलं. १९७९ मध्ये परदेश प्रवास कर आला, १९८९ मध्ये देशांतर्गत विमान प्रवास कर. यांना ना कुठलं संकट चिकटलेलं होतं, ना मुदत. विमानात बसतो तो श्रीमंत, त्याने चार पैसे जास्त दिले तर काय बिघडलं, हा त्या काळचा हिशेब. जानेवारी २००४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी हे दोन्ही कर काढून टाकले. तोवर देशातल्या भाड्यावर १५ टक्के आणि परदेशी जाणाऱ्याला ५०० रुपये द्यावे लागत होते.

त्याच वर्षी कच्चं तेल महागत गेलं आणि जगभरच्या तिकिटांवर इंधन अधिभार ठळक दिसू लागला. हा कर नाही. याचे पैसे सरकारकडे जात नाहीत, विमान कंपनीच्या गल्ल्यात जातात. पण तो यादीत करांच्या शेजारी बसतो, त्यामुळे प्रवाशाला वाटतं, हा वरून ठरलेला आकडा असणार.

तो कसा ठरत होता, हे लंडनमध्ये उघड झालं. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात लांब पल्ल्याच्या जाण्यायेण्याच्या तिकिटावरचा अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. त्या दरम्यान दोन्ही कंपन्यांची माणसं अधिभार किती वाढवायचा याबद्दल आपसात बोलत होती. शेवटी व्हर्जिननेच तपासयंत्रणेकडे कबुली दिली आणि त्या बदल्यात ती दंडातून सुटली. १ ऑगस्ट २००७ रोजी ब्रिटिश एअरवेजला ब्रिटनमध्ये १२१.५ दशलक्ष पौंड आणि अमेरिकेत ३०० दशलक्ष डॉलर दंड जाहीर झाला. ब्रिटनमधली रक्कम पुढे ५८.५ दशलक्ष पौंडांवर आली.

मूळ भाड्यासाठी या कंपन्या एकमेकींशी झुंजत होत्या, कारण जाहिरातीत तेच झळकत होतं. अधिभार जाहिरातीच्या बाहेर होता. ज्या आकड्याची ग्राहक तुलनाच करत नाही, तो संगनमताने वाढवणं सोपं जातं.

आपल्याकडेही हे घडलं, पण मालवाहतुकीत. मे २००८ मध्ये तेल भडकलेलं असताना विमान कंपन्यांनी मालावर किलोमागे ५ रुपये इंधन अधिभार लावला. जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं आणि वर्ष संपायच्या आत कोसळलं. पुढच्या काळात अधिभार मात्र इंधनाच्या भावामागे गेला नाही. इंधन उतरलं तरी तो चढत राहिला. कुरियर कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेटला मिळून सुमारे २५८ कोटींचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण आयोगाकडे परत आलं. मार्च २०१८ मध्ये आयोगाने पुन्हा याच तिघींना दोषी धरलं, दंड मात्र सुमारे ५४ कोटींवर आणला.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. भारतात विमान चालवण्याच्या खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्क्यांच्या घरात असतो. विमानाचं इंधन अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यामुळे राज्याराज्यात व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १,००० रुपये इंधन शुल्क लावलं आणि जानेवारी २०२४ मध्ये, इंधन स्वस्त झाल्यावर, काढूनही घेतलं. म्हणजे ठरवलं तर ते उतरतं. पण ठरवणारी कंपनीच. ते कायम राहिलं असतं, तर १९७३ सारखा कोणता कायदा ते उठवायला आला असता?

म्हणून ती यादी एकदा उघडून बघा. तिच्यातला कोणता पैसा कोणाचा, हे कळलं तर खिशालाही उपयोग होतो. ऑगस्ट २०१६ पासून डीजीसीएचा नियम आहे की, तिकीट रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायलाच हवीत, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी, अगदी विमान चुकलं तरीही. इंधन अधिभार मात्र मूळ भाड्याबरोबर बुडू शकतो. यादीत तो करांच्या शेजारी बसलेला असला, तरी परताव्याच्या वेळी तो कंपनीच्या बाजूला जाऊन बसतो.